यंत्राला मळवट

इंदुमती घोरपडे गेली अठरा वर्षं लोखंडाला साबण लावत होती.

झाशीहून बबीन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथे पत्रे जोडून टाकी उभी राहिली, की तिची सगळी तोंडं बंद करून आत हवा भरतात आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचं पाणी फिरवतात. सांध्यात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असलं तरी तिथे बुडबुडा येतो. बुडबुडा आला की खडूने गोल काढायचा आणि टाकी परत वेल्डरकडे पाठवायची. अशा एका बुडबुड्याकडे दुर्लक्ष झालं, तर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी गावाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून तेल गळायला लागतं आणि ऐन उन्हाळ्यात गाव अंधारात बसतं. इंदुमतीच्या हातून गेलेली टाकी परत आली, असं अठरा वर्षांत दोनदाच झालं होतं. त्या दोन टाक्यांची तारीखवार माहिती तिला तोंडपाठ होती.

कारखान्यातला साबण तिला पसंत नव्हता. त्याचा फेस फार जाड, छोटा बुडबुडा त्यात हरवून जायचा. ती घरून रिठ्याचं पाणी करून न्यायची. दर रविवारी सकाळी सीपरी बाजारातल्या घराच्या वरच्या खोलीत रिठे उकळायला लागले, की खालून तिच्या थोरल्या जावेचा, बकुळाचा, आवाज यायचा.

"इंदू, अगं केस धुतेस का कारखाना धुतेस?"

"कारखाना, वहिनी."

"मग त्यालाच सांग रिठे फोडायला. वास इथवर येतोय."

हे संभाषण अठरा वर्षं चाललं होतं आणि त्यात एका शब्दाचाही फरक पडला नव्हता.

इंदुमतीचा नवरा जनार्दन याच कारखान्यात वेल्डर होता. चिरगावच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं, तेव्हा मुलगा मधु चार वर्षांचा होता. त्यानंतर वर्षभर इंदुमती खालच्या स्वयंपाकघरात बकुळाच्या हाताखाली राबली. बकुळाने तिला आणि पोराला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी टाकून बोलली नाही. पण पिठाच्या डब्याला हात लावण्याआधी विचारावं लागायचं, आणि चहात साखर किती घालायची हेही दुसरंच कुणी ठरवायचं. कारखान्याने जनार्दनच्या जागी तिला घेतलं. दुसऱ्या महिन्यात तिने वरच्या खोलीत स्वतःचा गॅस मांडला. त्या दिवशी तिने चहात तीन चमचे साखर घातली आणि जिन्यात बसून एकटीने प्यायली.

घोरपड्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. त्यातलं आता घरात फारसं काही उरलेलं नव्हतं. मोडक्या पात्याची एक तलवार होती आणि खंडेनवमी होती. त्या दिवशी तलवार, थोरल्या दिरांची स्कूटर, मधुचा लॅपटॉप आणि इंदुमतीचा ब्रश असं सगळं पाटावर मांडलं जायचं आणि बकुळा त्यांना हळदकुंकू वाहायची. इंदुमती दारात हात जोडून उभी राहायची. तिने करंड्याला हात लावू नये असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लाव असंही कुणी म्हटलं नव्हतं. घरात हळदीकुंकू असलं की ती वर जाऊन हरभऱ्याची डाळ वाटत बसायची. लोक तिच्या डाळीचं कौतुक करायचे.

कारखान्यात ती 'बाईजी' होती. कुणाचा सांधा कसा असतो हे ती डोळे मिटून, बोट फिरवून सांगायची. परमलाल अहिरवार हा सगळ्यांत चांगला वेल्डर. त्याचा सांधा म्हणजे करंजीची मुरड, एकावर एक बेतशीर पडलेली. जनार्दनचा तसाच होता, थोडा अधिक उतावळा; घरच्या जिन्याचा कठडा त्यानेच जोडलेला.

तर अशा त्या कारखान्यात २०२२ सालच्या पावसाळ्यात रोबो आला.

पिवळ्या जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेला एक केशरी हात होता तो. सहा ठिकाणी वळायचा, थकायचा नाही, आणि टाकीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एका दमात सांधा ओढायचा. बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आली. ऋतुजा तिचं नाव, वय सव्वीस-सत्तावीस, पायात पुरुषी बूट. पहिल्याच दिवशी इंदुमती ब्रश हलवत स्वतःशी पुटपुटली, "हे मेलं पाणी आज पातळ झालंय." ऋतुजा गर्रकन वळली.

"काकू, तुम्ही मराठी?"

"मग काय तर. झाशीच्या."

"झाशीत मराठी माणसं आहेत अजून?"

"आहेत ना. आमचं कुठे काय बिघडलं?" इंदुमती म्हणाली. "तुमचीच ट्रेन उशिरा आली, बेटा."

ऋतुजा खळखळून हसली. त्यानंतर ती रोज दुपारी डबा घेऊन इंदुमतीच्या बाकावर यायला लागली. मधुला मराठी कळायची, पण उत्तर तो हिंदीत द्यायचा. त्यामुळे रोज मराठीत गप्पा मारायला मिळणं इंदुमतीलाही गोड लागत होतं.

मशीन चालवायला परमलालची निवड झाली. त्याने मशीनला जोडलेली बटणांची पाटी हातात घेऊन त्या केशरी हाताला आपल्या हाताची चाल शिकवली. कुठून सुरुवात, कुठे सावकाश, कोपऱ्यावर किती थांबायचं. रोबोचा पहिला सांधा थंड झाला आणि इंदुमतीने त्यावर बोट फिरवलं. साडीच्या पिकोसारखा, एकसारखा. तरीही कोपऱ्यावरचं थांबणं अगदी परमलालचं होतं.

"काए बाईजी, कैसो है?" परमलालने विचारलं.

"तेरा ही है," ती म्हणाली. "बस, तंबाकू नहीं खाता."

मग मॅनेजर सक्सेनासाहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की साठ टाक्यांची परीक्षा आहे. साठही टाक्या न गळता उतरल्या, तर मशीन कायमची. आणि टाक्या गळतच नसतील तर साबणाचं बाक ठेवून करायचं काय? पिंजऱ्यावर कॅमेरा आहे, तो सांधे तपासेल. बाकावर इंदुमतीबरोबर साबण लावणारे दोघे पुरुष रेडिएटरच्या कामाला जातील.

"और मैं, साहब?" इंदुमतीने विचारलं.

"आपका भी देखेंगे, बाईजी," साहेब म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

त्या क्षणी इंदुमतीच्या डोळ्यांसमोर वरच्या खोलीतला गॅस आला, आणि मग खालचा पिठाचा डबा. मधुचं कॉलेजचं शेवटचं वर्ष अजून राहिलं होतं. तिने आयुष्यभर टाक्या न गळण्यासाठी जिवाचं पाणी केलं होतं. आता रोज सकाळी ब्रश उचलताना ती मनात म्हणायची, एक तरी गळू दे. आणि लगेच तिला स्वतःची शरम वाटायची. एकेचाळीस टाक्या झाल्या. एकही बुडबुडा आला नाही.

सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी इकडे कुठलंच मशीन चालवत नाहीत. धुऊनपुसून हार घालतात, टिळा लावतात, लाडू वाटतात. ऋतुजा घरच्या श्राद्धाला पुण्याला गेली होती. सक्सेनासाहेबांनी रोबोच्या पिंजऱ्यासमोर नारळ फोडला. पंडितजींना आणखी तीन कारखान्यांत जायचं होतं. मंत्र उरकून ते निघूनही गेले, आणि मग लक्षात आलं की रोबोला टिळाच लावलेला नाही.

"बाईजी लगाएँगी," परमलाल म्हणाला. "सबसे पुरानी वही हैं."

इंदुमती दोन पावलं मागे सरली. "मैं नहीं. किसी और से लगवा लो."

"काए?"

'का' ते तिला पंचवीस पुरुषांसमोर सांगता येईना. परमलालने ताट तिच्या हातात दिलं. तो हळूच म्हणाला, "जनार्दन भैया की जगह भी आप ही ने सँभाली. लगा दो."

ती पिंजऱ्यात शिरली. एकोणीस वर्षांनी तिची बोटं ओल्या कुंकवात बुडाली होती. गार लागलं. तो केशरी हात मान खाली घालून उभा होता. टोकाशी वेल्डिंगची नळी, आणि तिच्या शेजारी आगपेटीएवढी एक डबी, पुढून चकचकीत. तिला तेच कपाळ वाटलं. इथले लोक टिळा लावतात तो बोटाच्या पेराएवढा, उभा. इंदुमतीचा हात लहानपणीच्या वळणाने गेला. देवीला भरतात तसा तिने मळवट भरला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आधी हळद, वर कुंकू, भरघोस. वर चार अक्षता चिकटवल्या. मागे टाळ्या वाजल्या. बाहेर आल्यावर तिने बोटं पुसली नाहीत. घरी जाईपर्यंत ती पदराखाली तशीच लाल होती, आणि घराच्या कोपऱ्यावरच्या नळावर तिने ती धुतली.

सोमवारी पहिली टाकी बाकावर आली. इंदुमतीने हवा भरली, ब्रश फिरवला. उजव्या उभ्या सांध्यावर, तळापासून वीतभर अंतरावर, मोहरीएवढा बुडबुडा फुगला. फुटला. परत फुगला.  तिने खडूने गोल काढला, तो नेहमीपेक्षा मोठा आला.

त्या दिवशी सहापैकी चार टाक्या गळल्या. घरी जाताना तिने हलवायाकडून पाव किलो इमरती घेतली आणि खाली बकुळाला नेऊन दिली.

"काय गं, पगार वाढला?"

"नाही. टाक्या गळल्या."

"आणि त्याची इमरती?" बकुळाने तिच्याकडे नीट पाहिलं. "बरी आहेस ना?"

मंगळवारी आणखी पाच गळल्या. आता सांधे दिसायला तसेच देखणे होते, पण जिथे पडायला हवेत तिथून सुतभर बाजूला पडत होते. पिंजऱ्यावरचा कॅमेरा मात्र प्रत्येक टाकीला हिरवा दिवा दाखवत होता. दुपारी सक्सेनासाहेब खाली उतरले आणि परमलालवर ओरडले. काय बटणं दाबलीस, काय बिघडवलंस. मशीन परत जाईल, आणि तिच्याबरोबर तूही जाशील. तुझ्या जुन्या जागेवर आता दुसरा माणूस आहे, हे ध्यानात ठेव.

परमलाल मान खाली घालून उभा राहिला. एक अक्षर बोलला नाही. एरवी शिफ्ट बदलताना दोन मिनिटं उशीर झाला तरी तोंडाचा पट्टा सोडणारा माणूस. इंदुमतीला ते विचित्र वाटलं. तिच्या तोंडातली इमरतीची चव एकदम उतरली. तिने एक टाकी गळू दे म्हटलं होतं, परमलाल गळू दे असं म्हटलं नव्हतं.

बुधवारी ऋतुजा स्टेशनवरून थेट कारखान्यात आली. दोन तास ती पाटीवरचे आकडे तपासत बसली. आकडे सगळे ठीक होते. शेवटी ती इंदुमतीच्या बाकाशी आली आणि खडूचे गोल बघू लागली.

"सगळे उभ्या सांध्यांवर. आणि सगळे एकाच बाजूला सरकलेले. काकू, हे कधीपासून?"

"सोमवारपासून."

"पत्रा तापला की हलतो, बरोबर? माणूस ते डोळ्यांनी बघतो आणि हात सरकवतो. याला डोळा दिलाय आपण. टोकाशी ती छोटी डबी आहे ना, तिच्या काचेतून लाल किरण सांध्यावर पडतो. त्याने कळतं सांधा कुठे सरकला ते. डोळ्याला दिसेनासं झालं तर हा शिकवलेल्या वाटेनेच चालत राहणार. आंधळा घरातल्या घरात चालतो तसा. पण काच तर परमलालभैया रोज पुसतात."

इंदुमतीच्या हातातला ब्रश बादलीत पडला.

तिने पिंजऱ्याकडे पाहिलं. डबी काळपट झाली होती. दोन दिवसांच्या धुराने कुंकू, हळद, अक्षता सगळं काजळून गेलं होतं. बघणाऱ्याला ती नुसती घाण वाटली असती. ते काय आहे, हे एका तिलाच माहीत होतं. नाही, आणखी एकाला. परमलाल दूर खांबाशी उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता. तिने मान हलवून त्याला विचारलं. त्याने नजर खाली घातली.

ती त्याच्यापाशी गेली. "तूने पोंछा नहीं?"

"पूजा का टीका कोई पोंछता है, बाईजी?" तो पुटपुटला. "सोचा, दो दिन में अपने आप उतर जाएगा. मसीन की बत्ती पीली होती रही, मैं बटन दबाता रहा."

"और कल साहब के सामने बोला क्यों नहीं?"

"बोलता तो आपका नाम आता. थाली मैंने ही पकड़ाई थी."

ती तिथेच उभी राहिली. गप्प बसलं तर सगळं जागच्या जागी राहणार होतं. मशीन पुण्याला, ब्रश तिच्या हातात, गॅस वरच्या खोलीत. परमलाल मात्र घरी. आणि बोललं, तर हे पंचवीस जण काय म्हणतील तेही तिला ऐकू येत होतं. विधवेच्या हातचं कुंकू. मशीनलासुद्धा बाधलं. हे वाक्य तिने आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण एकोणीस वर्षं ती त्या वाक्याला वाट देऊन बाजूला उभी राहत आली होती.

ती परत गेली. सक्सेनासाहेब तेवढ्यात आले होते. तिने आधी मराठीत सांगितलं, कारण तसं सोपं पडलं. "ऋतुजा, काच माझ्या मळवटाने आंधळी झालीय. पूजेच्या दिवशी मी भरला. मला कपाळ वाटलं ते." मग साहेबांकडे वळून हिंदीत. "साहब, परमलाल की गलती नहीं है. टीका मैंने लगाया था. पूरा काँच भर दिया."

 मग मागून स्टोअरच्या माणसाचा आवाज आला, फार हळू नाही. "हम तो उसी दिन कह रहे थे. ऐसे काम में सुहागन का हाथ…"

"और नारियल पे किसका हाथ था?" परमलाल एकदम उसळला. त्याचा तोंडाचा पट्टा परत आला होता. सगळ्यांनी सक्सेनासाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

ऋतुजाने ते सगळं ऐकलं होतं. ती पिंजऱ्यात शिरली, फडक्याने डबी पुसली आणि काळा-लाल डाग पडलेलं ते फडकं घेऊन इंदुमतीपाशी आली.

"काकू, हे कुंकू कुणीही लावलं असतं ना, साहेबांच्या बायकोने लावलं असतं तरी काच आंधळीच होणार होती," ती म्हणाली. "फक्त त्यांनी ठिपका लावला असता. तुमचा हात दिलदार, एवढाच फरक."

"ठिपक्याने चाललं असतं?"

"कडेला असता तर चाललं असतं."

इंदुमतीला हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी. ते तिने ब्रशच्याच हाताने पुसलं. मग रिठा झोंबला, आणि पाण्याला कारण मिळालं.

राहिलेल्या टाक्या नव्याने मोजल्या गेल्या. एकही गळली नाही. मशीन पक्की झाली, परमलाल तिच्याजवळ राहिला, आणि साबणाचं बाक उठलं. दोघे पुरुष रेडिएटरकडे गेले. पण ऋतुजाने पुण्याला जाताना कागदावर लिहून दिलं, की त्या दोन दिवसांत नऊ टाक्या गळल्या आणि कॅमेऱ्याने त्या नऊच्या नऊ पास केल्या. पकडल्या त्या साबणाने. म्हणून मार्चपर्यंत दर दहा टाक्यांमागे एक टाकी इंदुमतीने साबणाने तपासावी. सक्सेनासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि त्यावर सही केली. मार्चनंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. इंदुमतीनेही विचारलं नाही. तोवर मधुचं वर्ष पुरं होणार होतं.

घरी तिने सगळं स्वतःच सांगितलं. उद्या बाजारात कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. बकुळा तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली.

"तू कुंकू लावलंस? तिथे, सगळ्यांसमोर?"

"हो."

"आणि मशीन बिघडलं?"

"काच झाकली गेली म्हणून बिघडलं, वहिनी. पुसल्यावर चालू झालं."

 तांदळातला एक खडा काढून बकुळाने बाजूला ठेवला. इंदुमती जिना चढून वर गेली.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. पाटावर तलवार, लॅपटॉप, स्कूटरची किल्ली आणि कडेला इंदुमतीचा ब्रश. बकुळा ओळीने कुंकू लावत गेली. ब्रशापाशी आल्यावर तिने हात आवरला, पदराने बोट पुसलं आणि मागे वळून बघितलं. इंदुमती नेहमीच्या जागी, दारात, हात जोडून उभी होती.

"तुझं तू लाव," बकुळा म्हणाली. "मला नाही कळत त्यातलं."

इंदुमती खाली बसली. करंडा जुना होता, झाकण घट्ट. ते उघडेना, म्हणून बकुळानेच उघडून दिलं. इंदुमतीने करंगळी टेकवली आणि ब्रशाच्या दांड्यावर, केसांपासून लांब, तिळाएवढा ठिपका लावला.

बकुळाने वाकून पाहिलं.

"एवढासाच?"

"एवढाच," इंदुमती म्हणाली. "परवा कामाला लागायचाय तो."